लिनक्स फोनची बॅटरी दुपारीच का आटोपते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘सेकंडहँड पाइनफोन घेतलाय, लिनक्स या ओपनसोर्स प्रणालीवर चालणारा फोन. ब्राउझर, टर्मिनल, चॅट, गाणी सगळं एकाच वेळी उघडं ठेवता येतं, त्यासाठीच घेतला. पण सकाळी सातला शंभर टक्के असलेली बॅटरी दुपारी तीनला शून्य. घरातला जुना अँड्रॉइड तेवढ्याच बॅटरीवर रात्रीपर्यंत ओढतो. हे मल्टिटास्किंगमुळे होतंय का? टास्क किलर टाकू का? की ओपनसोर्स कोडच ढिसाळ असतो?’

टास्क किलर, म्हणजे मागे उघडी असलेली ॲप जबरदस्तीने बंद करणारं ॲप, टाकू नका. बाकीच्याला जरा वेळ लागेल.

आधी साधा भागाकार करू. पाइनफोनची बॅटरी साधारण ३००० एमएएचची असते. सात ते तीन म्हणजे आठ तास. म्हणजे सरासरी ३७५ मिलिॲम्प. व्होल्टेज ३.८ धरला तर जवळपास १.४ वॉट, सलग आठ तास. या आठ तासांत तुम्ही फार तर दोन तास स्क्रीनकडे बघितलं असेल, उरलेला वेळ फोन खिशात. तरी सरासरी एवढी येते, म्हणजे तुमचा फोन खिशातही टक्क जागा होता. सगळी गोम इथेच आहे. फोन किती कामं करतो यापेक्षा त्याला काम नसताना झोपू दिलं जातं का, हे आधी बघायचं.

मल्टिटास्किंगवरचा आळ अर्धाच खरा आहे. रॅममध्ये दहा ॲप नुसती पडून असली तर त्यांचा वेगळा खर्च काही नाही. रॅम भरलेली असो की रिकामी, तिला रिफ्रेश करायला लागणारी वीज तेवढीच. उलट टास्क किलरने ॲप मारलं की पुढच्या वेळी ते पुन्हा स्टोरेजमधून उचला, लायब्ररी जोडा, खिडकी रंगवा, हा खर्च वाढतो. त्रास देतं ते पडून न राहता मधूनमधून चुळबूळ करणारं ॲप.

याचं उत्तम उदाहरण माझ्याच हातून घडलेलं आहे. मी पुण्यात एम्बेडेड लिनक्सचं, म्हणजे छोट्या उपकरणांत लिनक्स बसवायचं, काम करतो. २०१० मध्ये नोकियाचा एन९०० घेतला होता. माएमो ५ ही नोकियाची लिनक्सवरची प्रणाली, ओमॅप ३४३० चिप, ६०० मेगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम आणि बॅटरी फक्त १३२० एमएएच. तुमच्या बॅटरीच्या निम्म्याहूनही कमी. त्यावर खऱ्या अर्थाने अनेक खिडक्या एकाच वेळी चालायच्या, डॅशबोर्डवर त्यांच्या जिवंत चौकटी दिसायच्या. आणि तो माझ्या हातात नीट दिवसभर चालायचा, पहिले तीन आठवडे. मग दुपारी मरायला लागला. मी आधी नेटवर्कला शिव्या घातल्या, मग नवीन कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला), मग बॅटरी म्हातारी झाली असं ठरवून नवी बॅटरी आणली. फरक शून्य. शेवटी टर्मिनल उघडून पॉवरटॉप चालवलं. प्रोसेसरला झोपेतून सर्वांत जास्त वेळा कोण उठवतं याची यादी ते देतं. पहिल्या क्रमांकावर नाव होतं माझ्याच विजेटचं! होम स्क्रीनवर सीपीयूचा आणि नेटचा वेग दाखवायला मी हौसेने लिहिलेलं, दर २०० मिलिसेकंदांनी आकडा ताजा करणारं. स्क्रीन बंद असली तरी. सेकंदाला पाच वेळा ते प्रोसेसरला हलवून उठवायचं आणि विचारायचं, ‘काय रे, किती काम आहे?’ काम काहीच नव्हतं. जे दिसत होतं ते हे विचारण्याचंच काम होतं.

दुरुस्ती दहा ओळींची निघाली. माएमोत एमसीई नावाची एक सेवा होती, स्क्रीन बंद झाली की ती डी-बसवर, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांना निरोप द्यायच्या वाटेवर, तसा निरोप टाकायची. तो निरोप ऐकून टायमर थांबवायचा, बस. शिवाय जीलिब या लिनक्स ॲपच्या पायाभूत लायब्ररीत २००७ पासून सेकंदांच्या हिशोबाचा एक वेगळा टायमर आहे. तो सगळ्या ॲपची उठण्याची वेळ पूर्ण सेकंदाला आणून ठेवतो, म्हणजे पाच जणांनी पाच वेळा उठवण्याऐवजी एकदाच उठणं होतं. मिलिसेकंदवाला टायमर सवयीने वापरणारे प्रोग्रामर आजही भरपूर आहेत. खिडक्या आणि बटणं रंगवणाऱ्या जीटीके लायब्ररीने तर त्याच काळात मजकूर लिहिण्याच्या जागी लुकलुकणारा कर्सर काही सेकंदांनी आपोआप थांबवायला सुरुवात केली. एवढ्याशा उभ्या रेघेसाठी अख्खी चिप जागी ठेवायची का, असा तो प्रश्न होता.

आता एका वेकअपला, म्हणजे प्रोसेसरला एकदा उठवण्याला, खर्च किती? मोजकं काम स्वस्तच असतं. पण प्रोसेसर खोल झोपेत असेल तर आधी व्होल्टेज वर आणा, क्लॉक स्थिर होऊ द्या, कॅश पुन्हा भरा, मग ते काम करा आणि मग पुन्हा सगळं आवरून झोपा. कामाला लागतो त्याहून जास्त वेळ या आवराआवरीला लागू शकतो. त्यात हे नुसतं प्रोसेसरचं नाही. चिपमध्ये मेमरी, यूएसबी, डिस्प्ले, ऑडिओ असे वेगवेगळे विभाग असतात. वाड्यातल्या एका खोलीत जरी दिवा लागलेला असला तरी मेन स्विच पाडता येत नाही, तसं एकाही ड्रायव्हरने (त्या त्या विभागाला चालवणाऱ्या कोडने) आपलं क्लॉक धरून ठेवलं की अख्खी चिप खालच्या पायरीवर उतरत नाही. सीपीयू ९५ टक्के वेळ रिकामा दिसतो आणि बॅटरी तरी उतरत असते, त्याचं कारण बहुधा हे.

इथे दोन घराणी आहेत, आणि तुमचा प्रश्न त्या दोहोंच्या मधल्या फटीत पडलेला आहे.

पहिलं घराणं नोकियाचं. त्यांचं म्हणणं, सस्पेंड, म्हणजे अख्खा फोन एकदम झोपवणं, करायचंच कशाला? प्रोग्राम सगळे जिवंत राहू देत, पण त्यांना नीट वागायला शिकवा. आणि जरा उसंत मिळाली की चिपने त्या उसंतीतच जवळजवळ बंद व्हावं. ओमॅप ३ हे करू शकायची, पण आपोआप नाही. नोकिया आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या माणसांनी ड्रायव्हर ड्रायव्हर करून ते जमवलं. नेटवर्कवर जिवंत राहायला प्रत्येक ॲपला अधूनमधून ‘मी आहे’ असं सर्व्हरला कळवावं लागतं. त्यासाठी माएमोत आयपी हार्टबीट नावाची सोय होती. दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला यांनी वेगवेगळ्या वेळी बेल वाजवण्याऐवजी सगळ्यांना एकदाच यायला लावायचं, तसला प्रकार. ॲपने सांगायचं, ‘मला चार ते सहा मिनिटांत कधीही उठव’, आणि मागे चालणारी ती सेवा सगळ्यांची गाठ घालून द्यायची. हे वारशाने पुढे सेलफिश या फोनच्या प्रणालीत आलं.

दुसरं घराणं अँड्रॉइडचं. त्यांचा ॲपच्या चांगल्या वागण्यावर विश्वासच नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेच व्यवहारी होते. स्क्रीन बंद झाली की फोन झोपणारच. ज्याला जागं ठेवायचंय त्याने वेकलॉक, म्हणजे झोपेवरची तात्पुरती बंदी, घेऊन कारण दाखवायचं. २००९-१० मध्ये हे वेकलॉक मूळ लिनक्स कर्नलमध्ये घ्यायचे की नाही यावरून प्रचंड वाद झाला. कर्नलवाले म्हणत, वाईट ॲप दुरुस्त करा, कर्नलमध्ये ठिगळ कशाला? अँड्रॉइडवाले म्हणत, दुकानातली लाखभर ॲप कोण दुरुस्त करणार? शेवटी २०१२ मध्ये ३.५ आवृत्तीत वेगळ्या रूपात ती सोय आली. पुढे २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ ने डोझ आणून ॲपचे टायमर आणि नेटही आवळलं. तेव्हा ओपनसोर्स म्हणजे ढिसाळ, हे काढून टाका. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे. फरक शिस्त कुणी लावली याचा आहे.

तुमच्या पाइनफोनची अडचण अशी की तो दोन्हीकडे कच्चा. आतली ऑलविनर ए६४ ही ४० नॅनोमीटरची, मुळात स्वस्त टॅब्लेटसाठीची चिप. ती निवडली ती कर्नलमध्ये तिला चांगला आधार होता आणि ती स्वस्त होती म्हणून. ओमॅपसारखं चालता चालता खोल झोपणं तिला फारसं जमत नाही. म्हणून सस्पेंडच करावं लागतं. त्यासाठी चिपमध्ये एक छोटा वेगळा प्रोसेसर आहे, आणि क्रस्ट नावाचं मुक्त फर्मवेअर त्यावर चालतं. मुख्य प्रोसेसरची वीज तोडायची, रॅमला स्वतःपुरतं रिफ्रेश करत ठेवायचं आणि दारावर कुणी आलं का बघत बसायचं, हे क्रस्टचं काम. ते नीट चालू असेल तर फोनचं रूपच पालटतं. पण ॲप सगळी डेस्कटॉपवरून आलेली. त्यांना स्क्रीन बंद झाल्याचा निरोप ऐकायची सवय नाही, आणि वेकलॉकचा धाक नाही.

लिब्रेम ५ या दुसऱ्या लिनक्स फोनची गोष्ट थोडी वेगळी. तिथे मोडेम (मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग) आणि वायफाय मुद्दाम काढता येणाऱ्या वेगळ्या एम.२ कार्डांवर ठेवलेत, मुख्य चिपच्या मेमरीला त्यांनी हात लावू नये म्हणून. प्रायव्हसीच्या दृष्टीने हे मला पटतं. पण साध्या फोनमध्ये मोडेम आणि प्रोसेसर एकाच चिपवर गळ्यात गळा घालून बसलेले असतात, एकमेकांना न उठवता कामं करतात. ते तोडून मध्ये यूएसबीची तार आणली की त्या तारेचाही खर्च आला. आतली आय.एमएक्स ८एम चिपही फोनसाठी घडवलेली नव्हे. ४५०० एमएएचची जाडजूड बॅटरी तिथे उगाच नाही. हा डिझाइनमधला दोष म्हणू नका. तो समजून उमजून केलेला सौदा आहे.

पाइनफोनचा मोडेमही यूएसबीवरच आहे. क्वेक्टेलचा ईजी२५-जी. आणि गंमत म्हणजे त्या मोडेमच्या पोटात स्वतःचा वेगळा प्रोसेसर आणि त्यावर वेगळं लिनक्स चालतं. एका फोनमध्ये दोन संगणक, दोघांचं पोट एकाच बॅटरीवर. फोन झोपलेला असताना कॉल आला तर काय होतं बघा: मोडेम एक तार ओढतो, क्रस्ट प्रोसेसरला उठवतं, कर्नल सावध होतं, यूएसबीवर मोडेमशी पुन्हा ओळखपाळख होते, मग मोडेम मॅनेजरला कळतं, मग डायलर रिंगटोन वाजवतो. यात काही सेकंद सहज जातात, समोरच्याला तोवर दोन-तीन रिंग ऐकू येऊन गेलेल्या असतात. म्हणून वैतागून लोक सस्पेंडच बंद करून टाकतात, आणि मग विचारतात बॅटरी का संपते. तुमचा फोन सेकंडहँड आहे ना? आधीच्या मालकाने नेमकं हेच केलं नसेल कशावरून?

मोडेमचा आणखी एक खर्च सॉफ्टवेअरच्या हाताबाहेरचा. एक छोटं पॅकेट पाठवलं तरी रेडिओ लगेच झोपत नाही. आणखी काही येतंय का म्हणून काही सेकंद जागा राहतो, किती ते नेटवर्क ठरवतं. दहा सेकंद धरा. चार ॲप दर पाच मिनिटांनी आपापल्या वेळी सर्व्हरला हाक मारत असतील तर तासाला ४८ हाका, म्हणजे रेडिओ तासातली आठ मिनिटं जागा. तेच चौघांनी एकाच वेळी हाक मारली तर १२ हाका, दोन मिनिटं. अँड्रॉइडवर ही गाठ गुगलची पुश सेवा घालून देते, सगळ्या ॲपसाठी एकच जोडणी. ती सेवा मात्र बंदिस्त. गुगल काढून टाकलेल्या अँड्रॉइडवर सिग्नल हे चॅट ॲप चालवणाऱ्यांना विचारा, तिथे ॲपला स्वतःची जोडणी स्वतः धरून ठेवावी लागते. युनिफाइडपुश या ओपनसोर्स सेवेने ही उणीव मुक्त मार्गाने भरायचा प्रयत्न केलाय, पण ॲपने ती वापरायला हवी ना.

नेटवर्कच्या सिग्नलचं सांगायचं राहिलं. कर्जत-लोणावळा घाटात एन९०० घेऊन बसलो की बोगद्यागणिक नेटवर्क जायचं आणि फोन ते शोधत बसायचा. टॉवर लांब असला की पूर्ण ताकदीने ओरडायचा. शिवाजीनगरला चढताना ८० टक्के, दादरला उतरताना ४५, आणि मध्ये मी फोनला हातही लावलेला नसायचा. तुमच्या ऑफिसात किंवा हॉस्टेलच्या तळमजल्यावर सिग्नलची एकच काडी असेल तर कोणतंही कर्नल तुम्हाला वाचवणार नाही. तिथे एअरप्लेन मोड आणि वायफाय.

आता करायचं काय ते.

पहिल्यांदा मोजा. रात्री अकराला टक्के लिहून ठेवा, ॲप सगळी बंद करा, स्क्रीन बंद करा, सकाळी सहाला पुन्हा बघा. सात तासांत दहा टक्के उतरले तर ३०० एमएएच, म्हणजे सरासरी ४३ मिलिॲम्प. या फोनसाठी हे ठीक आहे. सत्तर उतरले तर सरासरी ३०० मिलिॲम्प, म्हणजे रात्रभर झोपलाच नाही. दुसऱ्या रात्री फोन बंद करून मागचं झाकण काढा, आत सहा छोटे स्विच दिसतील, त्यातला मोडेमचा बंद करा आणि पुन्हा तेच मोजा. दोन रात्रींच्या फरकात मोडेमचा वाटा उघडा पडतो. लोक हे न करता आठवडाभर सेटिंग चाळत बसतात.

झोपलाच नाही असं निघालं तर सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींसारखी दाखवतं ते /sys फोल्डर) पॉवरखाली सस्पेंड-स्टॅट्स नावाचं फोल्डर आहे. त्यात ‘सक्सेस’ शून्य असेल तर कुणी झोपायला सांगितलेलंच नाही, सेटिंग बघा. ‘फेल’चा आकडा मोठा असेल तर कुठलासा ड्रायव्हर अडून बसलाय, कोणता, तेही त्याच फोल्डरमध्ये लिहिलेलं असतं. फोनवर सिस्टमडी (सगळ्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) असेल तर ‘सिस्टमडी-इनहिबिट’ या कमांडला यादी मागा, झोप कोण अडवतंय ते नावानिशी सांगेल. माझ्याकडे एकदा थांबवलेलं गाणं निघालं होतं. वाजत नव्हतं, पण प्लेअरने झोपेवरची बंदी उठवलीच नव्हती.

फोन जागा असतानाचा खर्च बघायचा तर सिसएफएसमध्येच पॉवर-सप्लायखाली बॅटरीच्या फोल्डरात ‘करंट नाऊ’ ही फाइल वाचा. आकडा मायक्रोॲम्पमध्ये असतो, हजाराने भागा. एकेक ॲप उघडून मिनिटभर थांबा आणि आकडा लिहा. ब्राउझर नुसता उघडा आणि एखादं जाहिरातींनी भरलेलं पान उघडं, यातला फरक तुम्हाला स्वतःला दिसला पाहिजे. मागे पडलेल्या टॅबचे टायमर फायरफॉक्स सेकंदावर आणून ठेवतो, पण दर सेकंदाला उठणं हेही काही थोडं नाही.

ॲप मारायचं नसेल आणि चुळबूळही नको असेल तर त्याला गोठवा. ‘किल’ याच कमांडने स्टॉप सिग्नल द्यायचा, हवं तेव्हा कंटिन्यू. खिडकी जिथल्या तिथे राहते, वेकअप शून्य. चॅटला हे करू नका, जोडणी तुटेल. आणि प्रोसेसचा क्रमांक दोनदा तपासा. मी एकदा घाईत अख्ख्या शेललाच, म्हणजे फोनचा सगळा पडदा चालवणाऱ्या प्रोग्रामलाच, गोठवलं आणि बॅटरी काढून घालावी लागली. फाइलींची सूची बनवणारा ट्रॅकर किंवा बालू फोनवर चालू असेल तर तो बंदच करा, फोनवर एवढं शोधायचं असतं तरी काय.

चॅटचे निरोप झोपेतही हवे असतील तर मध्यम मार्ग म्हणजे घड्याळाच्या चिपकडून दर दहा-पंधरा मिनिटांनी उठवून घेणं. एसएक्समो या लिनक्स फोनसाठीच्या हलक्या इंटरफेसवाल्यांनी हे केलं. फोन उठतो, सगळ्या ॲपना एक मिनिट देतो, पुन्हा झोपतो. निरोप पंधरा मिनिटं उशिरा येतो. ज्यांना हे चालत नाही त्यांनी हा फोन रोजच्या वापराला धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिली बॅटरी. पाइनफोनमध्ये गॅलेक्सी जे७ च्या मापाची बॅटरी बसते, आणि आपल्याकडे ते मॉडेल इतकं खपलं होतं की गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानातही ती मिळायची शक्यता आहे. एक जादा घेऊन ठेवा. पण छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, नकली माल फार आहे. घरी आणल्यावर वरचा रात्रीचा प्रयोग त्या बॅटरीवर पुन्हा करा. तेवढ्याच तासांत दुप्पट टक्के उतरले तर ३००० लिहिलेल्या बॅटरीत १५०० च आहेत, उद्याच परत करा.

दोन रात्रींचे आकडे आणि ‘सक्सेस’, ‘फेल’चे आकडे लिहून पाठवलेत तर पुढचं सांगता येईल. माझा अंदाज ‘सक्सेस’ शून्य निघेल असा आहे.